तीस अंशांचा हिशेब

ब्रुकलिनमधले शल्यविशारद जॉर्ज रायर्सन फाउलर यांनी १९०० साली एका वैद्यकीय नियतकालिकात नऊ रुग्णांची हकिगत छापली. नऊही जणांच्या पोटात पू पसरला होता आणि नऊही जण वाचले होते. प्रतिजैविकं यायला अजून चार दशकं होती. पोटात पू झाला की घरच्यांनी आशा सोडायची, असा तो काळ. शस्त्रक्रियेच्या जोडीला फाउलर यांनी केलं काय, तर रुग्णाचं डोकं आणि धड उंचावर ठेवलं. पू आपल्या वजनानं ओटीपोटात उतरतो, तिथून नळीनं बाहेर काढता येतो आणि वरच्या भागातून विष रक्तात भिनायला आळा बसतो, असा त्यांचा हिशेब. अपेंडिक्सच्या आजारावर त्यांनी १८९४ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला होता. १९०६ मध्ये त्याच आजारानं त्यांना नेलं.

नाव मात्र उरलं. आज पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात सर्जिकल वस्तूंच्या दुकानात जाऊन ‘घरी पेशंट आहे, कॉट हवी’ असं म्हटलं की काउंटरपलीकडून प्रश्न येतो, “सेमी फाउलर देऊ की फुल फाउलर?” घरचा माणूस गोंधळतो. दुकानदार समजावतो: सेमी म्हणजे एक हँडल, फक्त पाठ वर होते, फुल म्हणजे दोन हँडल, पाठही आणि गुडघेही. पैसे कुठले भरायचे हे त्या दुसऱ्या हँडलवर ठरतं, आणि ते हँडल कशासाठी आहे हे फारसं कुणी सांगत नाही.

आजारी माणसाला टेकवून बसवलं की तो घसरतो, यासाठी ते आहे. पाठीमागे चार उशा रचून आजोबांना बसवावं. पाव तासात हनुवटी छातीला लागलेली, कंबर पलंगाच्या मध्यावर आलेली, आणि घरातली दोन माणसं काखेत हात घालून त्यांना वर ओढत असतात. फाउलर यांची पद्धत वापरणाऱ्या रुग्णालयांपुढेही हीच अडचण होती. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले तरुण शल्यचिकित्सक विलिस गॅच यांनी १९०९ मध्ये त्यावर तोडगा प्रसिद्ध केला. पलंगाची चौकट त्यांनी तुकड्यांत विभागली आणि बिजागऱ्यांनी जोडली. पाठीखालचा तुकडा वर येतो, तसा मांड्यांखालचाही येतो. गुडघे दुमडतात आणि बूड मधल्या खोलगट जागी अडून राहतं. शोरूममधल्या रिमोटच्या, मसाजच्या, खालून निळा दिवा लागणाऱ्या पलंगाच्या पोटातही मूळ युक्ती तीच आहे.

गॅच यांच्या युक्तीतून वापराचा एक नियमही निघतो. आधी गुडघे वर घ्यायचे, मग पाठ. खाली आणताना उलट: आधी पाठ, मग गुडघे. ज्या घरात हा क्रम पाळला जातो तिथे पेशंट दिवसातून दहा वेळा वर ओढावा लागत नाही. कॉट घरात ठेवून जाणारी मुलं हे सांगतातच असं नाही. त्यांची घाई पावतीवर सही घेण्याची असते.

पाठ दुमडणारा पलंग घ्यावा की नाही, हा प्रश्न आज दोन अगदी वेगळ्या माणसांना पडतो. पहिला, ज्याच्या घरी रुग्णालयातून कुणीतरी परतणार आहे. दुसरा, ज्याला काही झालेलं नाही, पण मॉलमध्ये गादीच्या दुकानात पाच मिनिटं त्या पलंगावर पडून आला आणि तेव्हापासून घरचा पलंग त्याला टोचतोय. दुसऱ्याचा प्रश्न लवकर सुटतो, म्हणून तो आधी.

शोरूममधला विक्रेता बहुतेक वेळा एकच बटण आधी दाबतो: ‘झिरो ग्रॅव्हिटी’. पाय किंचित वर, पाठ किंचित वर, शरीर सैलसर दुमडलेलं. या नावामागे खरीखुरी गोष्ट आहे. १९७३-७४ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकावर राहिलेल्या अंतराळवीरांनी अंग पूर्ण सैल सोडलं की शरीर आपोआप एका ठरावीक ठेवणीत येतं, हे नासानं टिपलं. धड आणि मांडी यांच्यातला कोन सुमारे १२८ अंश, गुडघ्यातला सुमारे १३३. ही ठेवण पुढे अवकाशयानांतल्या कामाच्या जागा आखायला उपयोगी पडली. पलंग विकणाऱ्यांनी तिथून कोन उचलले. पण स्कायलॅबमधल्या माणसाच्या खाली काहीच नव्हतं. मॉलमधल्या पलंगावर माणसाचं सगळं वजन पाठीवर आणि बुडावरच येतं. बटणानं ते छटाकभरही कमी होत नाही. आरामशीर वाटतं, हे खरं. तेवढंच खरं.

शिवाय तो आराम जागेपणीचा असतो. निरोगी माणूस रात्रभरात कितीतरी वेळा कूस बदलतो, आणि दुमडलेल्या पलंगावर कुशीवर झोपणं अवघड, पालथं झोपणं त्याहून अवघड. ज्याला पुस्तक वाचायला, लॅपटॉपवर मालिका बघायला बैठक हवी आहे, त्यानं हौस म्हणून हा पलंग जरूर घ्यावा. आरामखुर्ची घेताना कुणी वैद्यकीय पुरावा मागत नाही. फक्त ‘पाठीसाठी घेतोय’ असं घरात सांगू नये.

कारण पाठीच्या बाबतीत पुरावा पातळ आहे. सकाळी उठताना कंबर धरते अशा काही जणांना गुडघे वर घेतल्यावर बरं वाटतं; तेवढं गुडघ्यांखालच्या लोडानंही वाटतं. गादीवर मात्र चांगलं संशोधन झालंय. ‘कंबर दुखते? फळीवर झोप’ हा सल्ला मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना दोन गटांत विभागून निम्म्यांना कडक आणि निम्म्यांना मध्यम कडक गाद्या दिल्या गेल्या. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नव्वद दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणारे जास्त सुखात होते. कंबरदुखीवाल्यानं पैसे खर्चायचेच असतील तर मोटरआधी गादीकडे पाहावं, असा याचा सरळ अर्थ.

आता पहिल्या माणसाकडे. त्याच्यासाठी प्रश्न पलंगाचा नसतोच, कोनाचा असतो. किती अंश, किती तास, आणि तो कोन दुसऱ्या कशानं मिळतो का?

रात्री घशाशी येणं ही सर्वांत सर्रास आढळणारी तक्रार. जेवण उशिरा, त्यावर लगेच आडवं होणं, आणि मध्यरात्री आंबट पाणी घशात. उभं असताना जठरातलं आम्ल खाली राहतं. आडवं झालं की अन्ननलिका आणि जठर एका पातळीत येतात. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रात्रीच्या या त्रासासाठी उशाकडची बाजू उंच करण्याची शिफारस आहे. पण किती उंच? साधारण १५ ते २० सेंटिमीटर. पलंग दोन मीटर लांबीचा धरला तर हा उतार भरतो जेमतेम चार ते सहा अंशांचा. नेहमीची लाल वीट साडेसात सेंटिमीटर जाडीची असते. उशाकडच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन विटा आडव्या रचल्या की १५ सेंटिमीटर झाले. एकूण चार विटा. सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घेतले तर पाय सटकायची भीती उरत नाही.

यात गंमत अशी की या तक्रारीसाठी चार विटांचा उपाय मोटरच्या पलंगापेक्षा सरस ठरू शकतो. विटांवर अख्खा पलंग उतरता होतो, शरीर सरळ राहतं. दुमडणाऱ्या पलंगात शरीर कमरेत मोडतं. पोट सुटलेल्या माणसाच्या पोटावर दाब येतो आणि दाबानं आम्ल वरच ढकललं जातं. डोक्याखाली उशांची चळत लावणाऱ्यांचंही हेच होतं, वर मान आखडते ती वेगळी. डाव्या कुशीवर झोपल्यानं हा त्रास कमी होतो, त्याला तर एक वीटही लागत नाही.

एकच घोळ आहे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पलंगाला पाय असतात कुठे? बॉक्स बेड, खाली स्टोरेज, स्टोरेजमध्ये पाहुण्यांच्या गाद्या, दिवाळीच्या दिव्यांच्या माळा आणि गेल्या तीन वर्षांत कुणी न उघडलेली सुटकेस. असा पलंग विटांवर चढत नाही. तिथे उतरती उशी घ्यावी, म्हणजे कमरेपासून डोक्यापर्यंत एका चढात जाणारा फोमचा मोठा तुकडा. डोक्यापुरती छोटी उशी घेतली तर पुन्हा मानच दुमडते.

झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराचीही गोष्ट काहीशी अशीच. ब्राझीलमध्ये ५२ रुग्णांवर केलेला एक छोटा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उशाकडची बाजू फक्त साडेसात अंशांनी उंचावली तर तासाला श्वास अडकण्याचे प्रसंग सुमारे एक-तृतीयांशानं घटले. साडेसात अंश, म्हणजे इथेही मोटरचं काम नाही. घटले म्हणजे संपले असंही नाही. ज्याला डॉक्टरांनी रात्री मास्क लावायला सांगितलाय त्यानं पलंग घेऊन मास्क कपाटात टाकला, तर तो पलंग फारच महाग पडला म्हणायचं. नुसत्या घोरण्यावर म्हणून पलंग घेणाऱ्यांनी आधी झोपेची तपासणी करून घ्यावी.

मग मोठा कोन लागतो कुणाला? हृदय कमजोर झालेल्या माणसाला आडवं झालं की धाप लागते. पायांत साचलेलं पाणी रक्तात परतून फुप्फुसांकडे जातं, दुबळ्या हृदयाला ते पुढे ढकलवत नाही. म्हणून डॉक्टर अशा रुग्णाला हमखास विचारतात, “रात्री किती उशा लागतात?” हा प्रश्न औपचारिक नसतो. महिन्यापूर्वी एक उशी पुरायची, आता तीन लागतात, हे उत्तर एखाद्या तपासणीइतकं मोलाचं असतं. (अशा वेळी तिसरी उशी किंवा नवा पलंग आणायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा असतो, पलंगानं धाप झाकली जाते, बरी होत नाही.) फुप्फुसांचा जुनाट आजार असलेले, पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागणारे, नाकातल्या नळीवाटे आहार घेणारे, या सगळ्यांचं धड तीस अंश किंवा त्याहून जास्त उंच ठेवावं लागतं. नळीतून आहार देताना रुग्ण सपाट असेल तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते.

तीस अंश म्हणजे दिसायला किती? पाठीखालचा तुकडा ७५ सेंटिमीटर लांब असेल तर त्याचं टोक सपाटीपासून जवळजवळ ३७ सेंटिमीटर वर. हातभराला थोडंसंच कमी. एवढी उंची उशांनी तासभर टिकते, रात्रभर नाही.

पासष्टीपुढच्या नागरिकांसाठी अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे, आणि अशा कॉटचे पैसे द्यायचे की नाही यासाठी तिनं ठरवलेला निकष याच आकड्याभोवती फिरतो. हृदयाची कमजोरी, फुप्फुसाचा जुनाट आजार किंवा अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती यांमुळे उशाकडची बाजू बहुतेक वेळ तीस अंशांपेक्षा जास्त उंच लागते का? उशांनी भागतं का, हे आधी पाहिलंय का? वेदनेमुळे किंवा व्याधीमुळे अंगाची अशी ठेवण लागते का, जी साध्या पलंगावर जमतच नाही? खिशाला हात घालताना दहादा विचार करणाऱ्या विमा खात्यानं ही चाळणी लावली आहे. आपल्याकडे घरच्या कॉटचा खर्च सहसा आपल्याच खिशातून होतो, पण चाळणी उसनी घ्यायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र ते विमा खातं चुकतं. अख्खी कॉट मोटरनं वरखाली होण्याच्या सोयीला ते चैन मानतं आणि त्याचे पैसे देत नाही. ज्यांनी घरी पेशंट सांभाळलाय ते याच्याशी सहमत होणार नाहीत.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सकाळचं आवरणं एकदा जवळून पाहावं. सून किंवा मावशी पलंगाशी वाकते. पेशंटला कुशीवर वळवायचं, ओला डायपर काढायचा, अंग पुसायचं, पावडर, खालची चादर अर्धी गुंडाळून नवी अर्धी सरकवायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून उरलेली ओढून घ्यायची. हात सराईत असला तरी वीस मिनिटं जातात, आणि पलंग गुडघ्याइतका असेल तर ती वीस मिनिटं कंबर मोडलेल्या अवस्थेत. दिवसातून तीन-चार वेळा. महिनाभरानं घरात दोन पेशंट होतात. कॉट कमरेच्या उंचीला आणता आली तर हेच काम उभ्यानं होतं. उलट पेशंटला पाय टेकवून उठायचं असेल तेव्हा ती खाली हवी, इतकी की पावलं पूर्ण जमिनीला लागतील. आणि शेजारच्या कमोड खुर्चीच्या उंचीला आली तर उचलण्याऐवजी सरकवून भागतं. पाठ आणि गुडघे यांच्यापेक्षा ही तिसरी हालचाल घरच्या माणसांच्या जास्त कामाची आहे. दुकानात तिला ‘हाय-लो’ म्हणतात. साध्या फाउलर कॉटला ती नसते आणि शोरूमच्या देखण्या पलंगांनाही बहुधा नसतेच. ती मिळते आयसीयू कॉटला, जिची रुंदी आणि वजन पाहून घरातली मंडळी हबकतात.

म्हणून ज्या घरात पेशंटला स्वतः उठता येत नाही, तिथे मोटर कुणासाठी हवी याचा विचार वेगळा करावा लागतो. पेशंटचा हात चालतो, डोकं ताळ्यावर आहे, पण घरात दुपारी दुसरं कुणी नसतं, तर रिमोट त्याच्या हातात हवा. पाणी प्यायला, मोबाईल बघायला उठून बसण्यासाठी त्याला कुणाची वाट पाहावी लागू नये. तिथे मोटरचे पैसे वसूल होतात. पेशंटला रिमोटचं भान नसेल आणि चोवीस तास माणूस हाताशी असेल, तर पाठ-गुडघ्यांपुरतं हँडल पुरतं. तेच पैसे हाय-लोकडे वळवावेत. हँडलची कॉट घेतली तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: वापर झाला की पायथ्याचं हँडल आत दुमडून ठेवायचं. न दुमडलेलं हँडल अंधारात नडगीवर आदळलं की घरातल्या सर्वांत शांत माणसाच्या तोंडूनही काय निघेल सांगता येत नाही.

कॉट आणल्यानं काही नवे धोकेही घरात येतात आणि त्यांची यादी माहितीपत्रकात नसते. पाठ तीस अंशांपेक्षा जास्त उचलून तासन्‌तास ठेवली की शरीर खाली सरकू पाहतं, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस घसरतं. माकडहाडापाशी हा ताण सर्वांत जास्त, आणि बेडसोअर तिथेच होतो. म्हणून ज्याला धाप किंवा ठसक्याचं कारण नाही, त्याची पाठ जेवणापुरती वर घ्यावी आणि मग तिशीच्या खाली आणावी. फुगणारी-बसणारी एअर मॅट्रेस अंथरली तरी कूस बदलणं सुटत नाही. गुडघ्यांचं हँडलही सर्वांना चालत नाही. गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला डॉक्टर बजावतात की गुडघ्याखाली उशी घेऊ नका, पाय सरळ होऊ द्या. गुडघे वर घ्यायचं बटण म्हणजे तीच उशी, आणि ती काढायला कुणी सांगत नाही.

साइड रेलिंगकडे तर जरा संशयानंच पाहावं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ पासून २००९ च्या सुरुवातीपर्यंत रेलिंगमध्ये किंवा रेलिंग आणि गादी यांच्यामधल्या फटीत रुग्ण अडकण्याच्या ८०३ घटना नोंदल्या गेल्या. त्यांतले ४८० जण दगावले. बहुतेक जण अशक्त, वृद्ध किंवा भ्रमिष्ट अवस्थेतले होते. कॉटच्या मापापेक्षा अरुंद गादी टाकली की अशी फट तयार होते. घरातली जुनी गादीच चालवून घेऊ, असं म्हणणाऱ्यांनी आधी टेप घेऊन मोजावं. भान नसलेला पेशंट रेलिंग ओलांडून पडला तर रेलिंगच्या उंचीवरून पडतो, हेही आहेच. अशांसाठी कॉट रात्री जितकी खाली नेता येईल तितकी नेऊन ठेवणं जास्त सुरक्षित. पुन्हा हाय-लो.

सर्वांत मोठा धोका मात्र पलंगाच्या चांगुलपणातून येतो. पलंग जितका सोयीचा, तितकं माणसाचं त्यात राहणं वाढतं. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्येच अंथरुणात पडून राहण्याच्या दुष्परिणामांवर लेख लिहून आपल्या व्यवसायबंधूंना डिवचलं होतं. पुढे त्याला आकडे मिळाले. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कंबरदुखीच्या रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं होतं. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी भरले. २००७ मधला प्रयोग तर धडकी भरवणारा आहे. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या, धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर नुसत्या पायांतून जवळपास एक किलो मांस झडलं. आजारी नसताना! त्यामुळे गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत चालू लागणाऱ्या माणसासाठी लाखाचा पलंग कायमचा विकत घेऊन ठेवणं, हा त्याच्या चालण्याच्या मुळावर येणारा लाड ठरू शकतो.

अशा माणसासाठी महाराष्ट्रात फार चांगली सोय आहे आणि ती पुरेशी माहीत नसते. कितीतरी गावांत आणि शहरांत ट्रस्ट, गणेश मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात. अनामत रक्कम ठेवायची, नाममात्र भाडं द्यायचं आणि कॉट, वॉकर, कमोड खुर्ची, एअर मॅट्रेस घरी न्यायची. शहरांत खासगी दुकानांतूनही महिन्याच्या भाड्यावर कॉट मिळते, मोटरचीही. विकत घ्यायचंच ठरलं असलं तरी आधी महिनाभर भाड्यानं आणावी. घराला काय लागतं ते तेवढ्यात कळून येतं: गुडघ्यांचं हँडल कुणी फिरवतंय की नुसतं गंजतंय, पाठ रात्रभर वर लागते की जेवणापुरती, कॉट दारातून आत आली पण तिच्या एका बाजूनं मावशींना उभं राहायलाच जागा उरली नाही. साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद कॉट, तिच्या दोन्ही बाजूंना माणूस, आणि पायथ्याशी हँडल फिरवायला बसण्याइतकी जागा. वन बीएचकेमध्ये हा हिशेब हॉलमध्येच बसतो, आणि हॉलचा सोफा जातो कुठे हा स्वतंत्र विषय आहे.

घरात दोघं झोपणारे असतील तर आणखी एक पेच. डबल बेडचा एकच सांगाडा असेल तर एकाची पाठ वर गेली की दुसऱ्याचीही जाते. म्हणून शोरूमवाले दोन वेगळे सांगाडे आणि दोन वेगळ्या गाद्या शेजारी शेजारी लावून देतात, किंमत अर्थात दोन पलंगांची. नवऱ्याला रात्री घशाशी येतं एवढ्यासाठी हे करण्याआधी चार विटांची आठवण ठेवावी. बॉक्स बेड जाऊन त्या जागी हा सांगाडा आला की स्टोरेजही जातं, आणि मग पाहुण्यांच्या गाद्या कुणाच्या डोक्यावर ठेवायच्या, हे घरातली बाई विचारणारच.

गादीचंही पाहायला हवं. काथ्याची गादी दुमडत नाही, जबरदस्तीनं दुमडली तर तिला कायमची घडी पडते. एकमेकींत गुंफलेल्या स्प्रिंगांची जुन्या पद्धतीची गादी सांगाड्यावर ताठ उभी राहते. कापसाची गादी वाकते, पण कापूस खाली सरकून गोळा होतो. फोम, लेटेक्स किंवा सुट्या खिशांतल्या स्प्रिंगांची, बेताच्या जाडीची गादी सांगाड्याबरोबर वळते. रुग्णालयाच्या पद्धतीच्या कॉटबरोबर चार तुकड्यांची रेक्झिनची गादी येते. ती पुसायला सोपी, पण उन्हाळ्यात घाम शोषत नाही, त्यामुळे वर सुती चादर जाड हवी.

मोटरच्या कॉटमध्ये स्क्रू फिरवून दांडा पुढे-मागे करणारी यंत्रणा असते. वीज गेली तरी स्क्रू उलटा फिरत नाही, म्हणून कॉट धाडकन खाली येत नाही. जिथे आहे तिथेच थांबते. ही सुरक्षितता झाली, पण भारनियमनाच्या गावात अडचणही तीच. पेशंट साठ अंशांवर बसलेला आणि वीज चार तास नाही. काही कॉटना निदान एकदा सपाट करण्यापुरती बॅटरी असते, काहींना हातानं फिरवायची पर्यायी सोय असते. दुकानात हे विचारू नये, करून पाहावं. पेशंटच्या वजनाचा माणूस कॉटवर झोपवावा, पाठ वर घ्यावी आणि भिंतीवरचा प्लग काढावा. मग दुकानदाराला म्हणावं, आता यांना आडवं करून दाखवा.

वॉरंटी सांगाड्याची किती वर्षं आणि मोटरची किती, हे दोन आकडे वेगळे असतात. मोठ्या अक्षरांत छापलेला सहसा सांगाड्याचा असतो, आणि सांगाडा क्वचितच मोडतो. मोटर बिघडली तर मेकॅनिक घरी येणार की कॉट दुकानात न्यावी लागणार, हेही पावतीवर लिहून घ्यावं. लिफ्टमध्ये न मावणारी कॉट तिसऱ्या मजल्यावरून जिन्यानं उतरवायची पाळी ज्यांच्यावर एकदा आली आहे, ते दुकानात शिरल्याबरोबर आधी हेच विचारतात, किंमत नंतर.